रोषणाईआधी पुलाचे सांधे तपासा

प्रश्न : जुन्या महामार्गाने आमच्या शहरात शिरताना रिव्हेट (दोन्हीकडे डोकं असलेले जाड खिळे) मारलेला लोखंडी ट्रस पूल, म्हणजे उभ्या-तिरप्या दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याचा पूल लागतो. नवा रस्ता झाल्यापासून त्याला कुणी वाली नाही. तोंडाशी जाहिराती, खाली कचरा, सगळीकडे गंज. आता रंग देऊन रोषणाई करायचं घाटतंय. काही जण म्हणतात, पाडूनच टाका. काय करावं?

उत्तर : रोषणाईचा खर्च आधी थांबवायला सांगा. पूल तपासण्यातच माझं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून हे ठामपणे लिहितोय. वरचा लालसर गंज बघून लोक घाबरतात, पण ट्रसचं दुखणं बहुधा तळाच्या सांध्यांत असतं. उभे, तिरपे आणि तळाचे भाग तिथे एकत्र येतात. माती, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा साचते आणि ओल हटत नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो, पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो आणि रिव्हेटवर ताण येतो. रिव्हेटच्या डोक्याला बोट लावून बाजूने हातोडीचा हलका ठोका द्यायचा. ढिला असेल तर बोटाला लगेच कळतं. हे न करता रंग फासला, तर दुखणं नुसतं झाकलं जाईल.

डांबराचंही विचारा. दर दुरुस्तीला थरावर थर चढतो. ५ सेंटीमीटरचा एक थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११५ किलो! जुने थर खरवडून काढले तरी पुलाला केवढा आराम मिळतो.

पाडायची घाई मात्र अजिबात नको. अमेरिकेत चॅटनूगा शहरातला वॉलनट स्ट्रीट पूल १८९१चा. १९७८ साली तो वाहनांना बंद झाला, १९९३ साली पादचाऱ्यांसाठी उघडला आणि तिथे लोक मुद्दाम चालायला येऊ लागले. ट्रसमधून चालत शहरात शिरण्याची मजा वेगळीच. तिरप्या दांड्यांमधून नदी दिसत राहते. तुमच्या पुलाला हा मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

अवजड वाहनं चालू ठेवायची असतील, तर पुलाच्या बऱ्याच अलीकडे जादा उंच वाहनं अडवणारी कमान हवीच. २०१३ साली वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवरच्या ट्रस पुलाच्या वरच्या भागाला ट्रकवरचा उंच माल धडकला आणि अख्खा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, नदीत गेला.

निवेदनात तीनच गोष्टी मागा : सांध्यांची सफाई, तपासणीचा अहवाल, डांबराची मोजलेली जाडी. पुलाखालचा कचरा तुम्ही श्रमदानाने उचलू शकता. जुना रंग मात्र मुलांना खरवडू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं.