एचपीव्हीची दोनच जनुकं पेशीचं नियंत्रण कशी मोडतात?

खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातलं व्याख्यान ऐकून तुम्ही विचारलंय की एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा) या एवढ्याशा विषाणूला पेशीचं विभाजन बिघडवून काय मिळतं. मी ठाण्यात बीएस्सीच्या मुलांना हेच शिकवते, आणि सुरुवात 'काय मिळतं' इथूनच करते.

एचपीव्हीचा डीएनए जेमतेम ८,००० बेस जोड्यांचा. स्वतःच्या प्रती काढायला लागणारं डीएनए पॉलिमरेज हे एन्झाइम त्याच्याकडे नाही, ते पेशीचं वापरावं लागतं. पण त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं. म्हणून विषाणूच्या ई७ जनुकाचं प्रथिन पेशीच्या आरबी या प्रथिनाला पकडतं. आरबी म्हणजे ई२एफला, विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या पेशीच्याच प्रथिनाला, दाबून ठेवणारा ब्रेक. तो सुटला की ई२एफ मोकळं होतं आणि पेशी एस टप्प्यात, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या टप्प्यात, शिरते.

असं अवेळी विभाजन दिसलं की पी५३ हे पेशीचं पहारेकरी प्रथिन पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. तिथे विषाणूच्या दुसऱ्या जनुकाचं प्रथिन, ई६, कामाला येतं: पेशीचंच ई६एपी हे एन्झाइम हाताशी धरून ते पी५३ला प्रोटिएझोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे, धाडतं. एकाने काम सुरू करायचं, दुसऱ्याने पहारेकरी हटवायचा! (एसव्ही४० या माकडांतल्या विषाणूचं लार्ज टी अँटिजेन हे प्रथिन ही दोन्ही कामं एकटंच करतं. पी५३ सापडलं १९७९ साली, तेही त्याच्याच अभ्यासातून.)

कर्करोग मात्र विषाणूच्या फायद्याचा नाही. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. क्वचित विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसतो, त्यात विषाणूचं स्वतःचं ई२ जनुक (ई२एफ वेगळं) तुटतं आणि ई६-ई७वरचा लगाम जातो. एचपीव्ही-१८ हा प्रकार असलेल्या हीला पेशींत (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) ई२ परत घातलं, तर त्यांची वाढ थांबते.