संस्कृतीनुसार स्वप्ने बदलतात का?

स्वप्ने मेंदूत घडतात आणि मेंदू तर सर्व माणसांचा सारखाच, मग त्यांत संस्कृतीचा वाटा कोठे येतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा वाटा जाग आल्यानंतर येतो आणि तेथून तो पुढच्या रात्रींपर्यंत पोहोचतो.

काही प्रसंग सर्वत्र समान असतात, हे खरे. ग्रिफिथ, मियागी आणि तागो या संशोधकांनी १९५८ मध्ये अमेरिकी व जपानी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा उंचावरून पडण्याची आणि पाठलागाची स्वप्ने दोन्हीकडे सर्रास आढळली. स्वप्नात भेटणारी माणसे मात्र ज्याच्या त्याच्या जगण्यातून येतात. मी इंदूरचा, माझ्या स्वप्नांत घरची वडीलधारी मंडळी मराठीत बोलतात आणि राजवाड्याजवळचा दुकानदार हिंदीत.

पितृपक्षाच्या सुमारास आमच्याकडे कोणाच्या स्वप्नात दिवंगत आजी आली, तर ते सकाळी चहाच्या वेळी आवर्जून सांगितले जाते, ‘काही मागत होती का?’ असे विचारले जाते, आणि श्राद्धाच्या पानात तिच्या आवडीचा पदार्थ वाढला जातो. परीक्षेचे किंवा गाडी चुकल्याचे स्वप्न कोणी विचारीत नाही. अशा घरात वाढणारे मूल कोणते स्वप्न जपायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे नकळत शिकते. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात मिळाला आणि पुढे संत बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रहही स्वप्नातच झाला; गुरू स्वप्नात येऊ शकतो ही श्रद्धा परंपरेत जिवंत होती, म्हणून तसे स्वप्न पडायला आणि सांगायलाही वाट होती, असे मला मनापासून वाटते.

संशोधकाच्या हाती स्वप्न येत नाही, त्याचे कथन येते, ही अडचण येथे विसरता येत नाही. १९४२ मध्ये मिडलटन यांनी विचारले असता सुमारे सत्तर टक्के अमेरिकी विद्यार्थ्यांनी स्वप्नांत रंग क्वचितच किंवा कधीच दिसत नाहीत असे सांगितले होते. श्वित्झगेबेल यांनी २००३ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा असे सांगणारे वीस टक्क्यांहूनही कमी निघाले. मधल्या काळात चित्रपट आणि दूरदर्शन रंगीत झाले होते. बदलली ती स्वप्नेच की त्यांची आठवण, हे केवळ उत्तरांवरून ठरवता येत नाही.

आपल्या स्वप्नांतील संस्कृती शोधायची असेल, तर कोणाशीही बोलण्यापूर्वी स्वप्न लिहून ठेवा, घरी सांगून झाल्यावर पुन्हा लिहा आणि दोन्ही टिपणे शेजारी ठेवून वाचा.