वाचक विचारतात : बाराची डिस्क राहू द्या, सातची घ्या

मागच्या अंकात डिस्क गोल्फचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती : ड्रायव्हर कोणता घ्यायचा आणि तो असा वेडावाकडा का उडतो. म्हणून या वेळी बाकी खेळांना सुट्टी.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू आणि खड्ड्याऐवजी इथे प्लास्टिकची डिस्क आणि साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट असते. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायची. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी पहिलं कायमचं मैदान उभारलं आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. जवळून टाकायला पटर, मधल्या अंतराला मिडरेंज आणि लांबच्या फेकीला ड्रायव्हर. ड्रायव्हरमध्येही दोन जाती आहेत. डिस्कवर छापलेला वेगाचा आकडा साधारण सहा ते नऊ असलेले फेअरवे ड्रायव्हर आणि त्यावरचे डिस्टन्स ड्रायव्हर. आता पत्रं.

ताई, नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो, वय ३४. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने खेळायला लागलो. सगळ्यात लांब जाते म्हणून इनोव्हा कंपनीची डेस्ट्रॉयर नावाची डिस्क घेतली, पण माझी प्रत्येक फेक दीड-दोनशे फुटांवर डावीकडे गोता खाते. मित्र म्हणतात फेअरवे ड्रायव्हर घे. पण कमी वेगाची डिस्क घेतली तर अंतर आणखी घटेल ना?

घटणार नाही. बहुतेक वाढेलच.

तुमच्या डेस्ट्रॉयरवर चार आकडे छापलेले असतील : १२, ५, उणे १, ३. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा सुरुवातीचं उजवीकडे वळणं म्हणजे टर्न, चौथा शेवटी डावीकडे झुकणं म्हणजे फेड. (उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा ओढून, फेकणाऱ्यासाठी.) लोक पहिला आकडा वाचून 'ही इतकी वेगाने जाते' असं समजतात. डिस्क स्वतःहून कुठेच जात नाही. तो आकडा तुमच्याकडे मागणी करतो : इतक्या वेगाने फेकाल तर पुढचे तीन आकडे खरे ठरतील. नाही फेकलीत तर तिसरा आकडा गळून पडतो आणि चौथा लवकर सुरू होतो. तुमचा गोता म्हणजे नेमका हाच चौथा आकडा.

असं का होतं? डिस्कला हवेतून मिळणारी उचल तिच्या बरोबर मध्यावर बसत नाही. डिस्क जोरात आणि सपाट जात असते तेव्हा उचलीचा जोर मध्याच्या जरा मागे पडतो आणि नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबलं जातं. वेग उतरला, डिस्क खाली येऊ लागली, की हवा खालच्या बाजूने लागते. मग तो जोर पुढे सरकतो आणि नाक उचलू पाहतो. डिस्क फिरत नसती तर तिने सरळ कोलांटी खाल्ली असती. पण ती गरगर फिरत असते, आणि फिरत्या भोवऱ्याला बोट लावलं की तो बोटाच्या दिशेने न झुकता भलतीकडेच कलतो, तसंच इथे होतं. उजव्या हाताची बॅकहँड वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. नाकाला मिळालेली उचल पाव फेरा पुढे, म्हणजे उजव्या कडेला दिसते. उजवी कड वर, डावी खाली, आणि डिस्क डावीकडे. जोर मागे असताना याच्या बरोबर उलट, म्हणजे उजवीकडे. शिवाय वाटेत डिस्कचा वेग झपाट्याने कमी होतो, पण तिचं फिरणं फारसं कमी होत नाही. म्हणून शेवटचं झुकणं संथ, ठरावीक असतं आणि त्यावर भरवसा ठेवता येतो.

आता रिम, म्हणजे बाहेरची जाड कड, बघा. डेस्ट्रॉयरची रिम २.२ सेंटिमीटर रुंद, इनोव्हाच्याच टीबर्ड या सात वेगाच्या फेअरवे ड्रायव्हरची १.७. रुंद, धारदार रिम हवा कमी अडवते, पण तिचं उड्डाण भरपूर वेग असेल तरच उलगडतं. अरुंद रिमची डिस्क तुमच्या-माझ्या वेगालाही पूर्ण उलगडते. म्हणूनच माझ्यासारख्या पंचावन्नच्या बाईची सातची डिस्क तुमच्या बाराच्या पुढे जाऊन पडेल, यात माझी काही कर्तबगारी नाही. लहान हाताला अरुंद रिम धरायलाही सोपी.

डिस्क आधी वर चढत असेल आणि मग थबकून डावीकडे पडत असेल, तर आणखी एक कारण आहे : सुटताना नाक वर राहतंय. अंगठा रिमच्या जवळ आणा आणि हाताची रेघ जमिनीशी समांतर ठेवा. नाक वर असलेली फेक कुठल्याही डिस्कने वाचत नाही, ती महागडी असली तरी.

कोणती घ्यायची? सगळे तुम्हाला टीबर्ड सांगतील. ७, ५, ० आणि २. उत्तम डिस्क. १२ वेळा जगज्जेता ठरलेल्या केन क्लाइमोच्या नावाने इनोव्हाने तिच्या आवृत्त्या काढल्या, ते उगाच नाही. पण माझं मत वेगळं आहे. आधी लेपर्ड घ्या : ६, ५, उणे २, १. ती तुमच्या आजच्या हातातून थोडी उजवीकडे जाईल, सरळ होईल आणि शेवटी किंचित डावीकडे टेकेल. डिस्क दोन्ही बाजूंना वळू शकते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की हात सुधारायला लागतो. नुसती डावीकडे पळणारी डिस्क काहीच शिकवत नाही. लेपर्ड सपाट फेकूनही फार उजवीकडे जायला लागली, की टीबर्डची वेळ आली असं समजा. तुम्ही शार्लटच्या हॉर्नेट्स नेस्ट पार्कमध्ये आलात तर झाडांमधल्या बोळकांड्या पाहून सांगाल की इथे तीनशे फूट लांब जाण्यापेक्षा अडीचशे फूट सरळ जाण्याची किंमत जास्त आहे. रॉक हिलला विन्थ्रोप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथे हद्दीच्या दोरीपलीकडे डिस्क पडली की दंड बसतो, आणि दोरीला तुमची डिस्क किती वेगाची होती याच्याशी काही देणंघेणं नाही.

डेस्ट्रॉयर फेकून देऊ नका. समोरून वारा असेल, किंवा झाडाला वळसा घालून डावीकडे जायचं असेल, तेव्हा बॅगेतून काढा.

एका कंपनीची सात वेगाची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या सातसारखी उडत नाही. मग खरे आकडे कोण ठरवतं? (एडिसन, न्यू जर्सी)

कोणीच नाही. चार आकड्यांची पद्धत इनोव्हाने रूढ केली, बाकीच्यांनी ती उचलली, आणि प्रत्येक कंपनी आपले आकडे आपणच छापते. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, आकारमान आणि वजन तपासून मान्यता देते. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून २१ सेंटिमीटरच्या आसपासचा ड्रायव्हर १७५ ग्रॅमच्या पुढे फारसा जात नाही. उड्डाणाचा दाखला संघटना देत नाही. त्यामुळे लॅटिट्यूड ६४ या दुसऱ्या कंपनीच्या रिव्हर नावाच्या डिस्कवर ७, ७, उणे १, १ लिहिलेलं दिसलं तर ते टीबर्डच्या आकड्यांशेजारी ठेवून गणित मांडत बसू नका. एवढंच घ्या की ती जास्त तरंगेल, आणि जास्त तरंगणारी डिस्क वाऱ्यात जास्त भरकटेल.

ह्यूस्टनहून डेन्व्हरला बदली झाली. माझी तीच टीबर्ड, तोच हात, पण इथे ती जास्तच डावीकडे जाते. डिस्क बिघडली का? आणि इथला वारा! समोरून आला की तीच डिस्क उजवीकडे उलटते. मला काही कळेनासं झालंय.

डिस्क ठणठणीत आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे आणि तिथली हवा ह्यूस्टनपेक्षा साधारण १५ टक्के विरळ. उचल कमी, उजवीकडे ढकलणारा परिणामही कमी, म्हणून प्रत्येक डिस्क जास्त हट्टीपणे डावीकडे जाते. तिथल्या खेळाडूंच्या बॅगा जरा मऊ स्वभावाच्या, म्हणजे उजवीकडे सहज वळणाऱ्या डिस्कनी भरलेल्या असतात त्या यामुळेच. तुम्हीही टीबर्डच्या जोडीला लेपर्ड ठेवा. ह्यूस्टनला टीबर्ड जे काम करायची, त्याच्या जवळपासचं काम डेन्व्हरला लेपर्ड करेल.

वाऱ्याचं म्हणाल तर डिस्कला जमिनीची खबर नसते, तिला फक्त हवा कळते. समोरून ताशी १५ मैलांचा वारा आहे म्हणजे तुम्ही तेवढ्या जास्त वेगाने फेकल्यासारखंच आहे. वेग वाढला की टर्न वाढतो, हे वर आलंच. पाठीमागून वारा असेल तर उलट : उचल मिळत नाही, डिस्क लवकर बसते आणि डावीकडे झुकते. म्हणून समोरच्या वाऱ्यात अंगात जोर आला तरी तो आवरा. जास्त हट्टी डिस्क घ्या, फायरबर्डसारखी (९, ३, ०, ४), आणि फार वर न नेता, निम्म्या जोराने फेका. अशा वाऱ्यात दात-ओठ खाऊन फेकणारी माणसं मी दर रविवारी पाहते, आणि मग झुडपात डिस्क शोधायला सगळ्यांनाच जावं लागतं.

माझ्याकडची डीएक्स प्लास्टिकची लेपर्ड झाडांवर आपटून आपटून खरबरीत झाली आहे. आता ती उजवीकडे वळून परतच येत नाही. टाकून देऊ? (एक वाचक, मिनियापोलिस)

अहो, हाताशी आलेलं सोनं कुठे टाकता!

डीएक्स हे इनोव्हाचं सगळ्यात स्वस्त प्लास्टिक. पकड छान, पण कड लवकर झिजते, आणि झिजली की डिस्कचा टर्न वाढत जातो, फेड कमी होतो. चॅम्पियन प्लास्टिकमधली हीच लेपर्ड वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच राहते आणि नवी असताना डीएक्सपेक्षा हट्टी असते. म्हणजे तुमच्याकडे आता एक वेगळीच डिस्क तयार झाली आहे, जी दुकानात विकत मिळत नाही.

तिला सपाट फेकणं बंद करा. बाहेरची कड खाली झुकवून, म्हणजे हायझरवर, सोडा. ती वाटेत स्वतःच उभारी घेऊन सपाट होईल आणि मग लांबवर सरळ तरंगत जाईल. खेळाडू याला हायझर फ्लिप म्हणतात आणि झाडीतल्या अरुंद वाटेसाठी मला यापेक्षा देखणी फेक माहीत नाही. जोर तेवढाच, फक्त सोडतानाचा कोन बदलायचा. किती झुकवायची हे तुमच्या डिस्कच्या झिजेवर आहे, आणि ते मैदानातच ठरेल. उलट बाजूने झुकवून सोडलीत तर ती जमिनीवर टेकून कडेवर उभी पळत सुटेल, रोलर म्हणतात तशी. खालच्या फांद्यांनी हवा अडवली असेल तेव्हा हाच मार्ग.

एक काळजी घ्या. मिनियापोलिसच्या थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि झाडावर आपटलं तर कडेचा टवका उडतो. हिवाळ्यात या म्हातारीला घरी ठेवा.

अमेरिकेतून आलेल्या भाच्याने रोडरनर नावाची एक डिस्क दिली आहे. पुण्यात बास्केट नाही. मुलं बागेत एकमेकांकडे फेकून झेलू शकतील का?

नको, अजिबात नको. झेलायची फ्रिस्बी, अल्टिमेट या फ्रिस्बीच्या सांघिक खेळात वापरतात ती, मोठी असते आणि तिची कड गोल असते. ड्रायव्हरची कड निमुळती असते. दातावर किंवा बोटावर लागली तर डॉक्टर गाठावा लागेल. मुलांना झेलायला साधी फ्रिस्बी आणा.

रोडरनर मात्र मस्त डिस्क आहे (९, ५, उणे ४, १). सकाळी लवकर मोकळं मैदान गाठा, लांबचं एक झाड ठरवा आणि किती फेकींत खोडाला लागते ते मोजा. बास्केट येण्याआधी लोक असेच खेळत. पलीकडून कोणी फिरायला जात असेल तर थांबा. ही डिस्क उजवीकडे बरीच वळते, तेव्हा तुम्हाला वाटतं त्याहून रुंद जागा मोकळी लागेल.

मुलगी १२ वर्षांची, डावखुरी. तिच्यासाठी वजन किती असावं, आणि आकडे उलटे वाचायचे का? (डॅलस)

हो, बॅकहँडसाठी डावं-उजवं सरळ अदलाबदल करा : टर्न डावीकडे, फेड उजवीकडे. तिने फोरहँड, म्हणजे हात अंगासमोर न नेता बाजूने फेकायची फेक, शिकली तर मात्र फिरण्याची दिशा बदलते आणि तिची डिस्क माझ्या बॅकहँडसारखी उडेल. दोन्ही येत असतील तर एकाच डिस्कने दोन्ही बाजूंची वळणं खेळता येतात, म्हणून फोरहँड आत्ताच शिकवा.

वजन १५० ग्रॅमच्या आसपास. हलकी डिस्क कमी वेगातही उचल घेते आणि मनगट दुखत नाही. लेपर्ड या वजनात मिळते. डॅलसच्या वाऱ्यात ती उडून जायला लागली तर त्या दिवशी पटरचा सराव घ्या.