पालकांकडे कौतुक मागू नकोस

ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्तन-उपचाराचं नवीन क्लिनिक सुरू केलंस की पालकांकडून कौतुकाच्या दोन ओळी लिहून घ्याव्यात असं वाटेल. घेऊ नकोस. वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या, अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेच्या, २०२२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत सध्याच्या क्लायंटकडे जाहिरातीसाठी असे अभिप्राय मागायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. ज्या आईचं मूल तुझ्या हाती आहे, ती तुला 'नाही' कशी म्हणेल? कुणी आपणहून स्तुती लिहिली, तरी ती पुढे शेअर करू नकोस.

मुलांचे व्हिडिओ स्वतःच्या खासगी इन्स्टाग्रामवर कधीच नकोत. व्यावसायिक पेजवर टाकायचे झाले, तर प्रत्येक पोस्टआधी वेगळी संमती घे. प्रवेशाच्या फॉर्मवरची एक सही पुरत नाही. आणि माझं मत विचारशील, तर रडणाऱ्या, चिडलेल्या मुलाचा व्हिडिओ संमती असली तरी टाकू नये. ते मूल उद्या मोठं होऊन तो बघणार आहे.

आकडे जपून वापर. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात या उपचारानंतर '४७ टक्के' मुलं बुद्ध्यांकात आणि शाळेत सर्वसामान्य पातळीला पोचली, असं सांगतात. ते '४७ टक्के' म्हणजे १९ पैकी ९ मुलं, आणि कोणतं मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एवढं सांगायला जागा नसेल, तर तो आकडा गाळ. 'ऑटिझम बरा करतो' हे तर कुणीही कितीही आग्रह केला तरी लिहू नकोस.