वाड्यातली शाळा शोधताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गावातल्या ज्या विटांच्या वाड्यात एके काळी शाळा भरत असे, त्याचा इतिहास लिहायला घेतला आहेस हे वाचून फार आनंद झाला. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आख, एक वाड्याचा आणि एक शाळेचा. वाडा घराण्याचा असतो. शाळा तिथे भाड्याने किंवा मालकाच्या औदार्याने येते, काही वर्षे भरते आणि दुसरीकडे जाते. या दोघांच्या तारखा एकमेकांत मिसळल्या की पुढचे सगळे लेखन डळमळते.

पुण्यातच बघ. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सर्वत्र १ जानेवारी ही तारीख सांगितली जाते. ऑगस्ट मानणारेही अभ्यासक आहेत. पुढे ३ जुलै १८५१ रोजी त्याच पेठेत, पण चिपळूणकरांच्या वाड्यात, मुलींची शाळा निघाली. पेठ एक, चालवणारे तेच, वाडे मात्र दोन. अशा वेळी एका वाड्याची तारीख दुसऱ्याला चिकटायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक तारखेपुढे जागेचे नाव लिहिल्याशिवाय ती वहीत घेऊ नकोस.

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. आता तिथली वीट कुणाला मोजता येणार नाही. दप्तर कचेरीत बहुधा थांबते, भिंतीचा भरवसा नसतो. तेव्हा आधी भिंतीकडे जा.

गिलावा सुटलेल्या जागी सलग दहा विटांची लांबी सांध्यांसह मोज आणि दहाने भाग. तसेच दहा थरांची उंची. निदान तीन ठिकाणी हे कर, कारण एकेक वीट मोजली तर भट्टीतला फरक फसवतो. पेशवाईतली वीट पातळ आणि चपटी असते. इंग्रजी अमदानीतली जाड, साधारण नऊ इंच लांब. पण पाडलेल्या भिंतीच्या विटा पुन्हा वापरण्याची रीत जुनी आहे, म्हणून विटेवरून भिंतीचे वय ठरवू नकोस. त्यापेक्षा सांधे बघ. दोन भिंती मिळतात तिथे विटा एकमेकींत गुंतलेल्या नसतील आणि वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट असेल, तर त्यातली एक भिंत मागाहून उभी राहिली आहे. शाळेसाठी वाढवलेल्या खोल्या बऱ्याचदा अशाच सापडतात.

छपरावरून 'याच्या आधीचे नाही' एवढे नक्की कळते. मंगळुरी कौलांचा बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कारखाना १८६५ चा, म्हणजे कौले त्यानंतरची. कौल उलटे करून कारखान्याचे नाव वाच. गर्डरवर टाटांचा ठसा असेल तर तो १९१२ च्या पुढचा. मात्र कौले आणि गर्डर दुरुस्तीत बदलतात, त्यामुळे ही तारीख छपराची धर, वाड्याची नव्हे.

मग शाळेच्या खुणा. भिंतीतच काळ्या गिलाव्याचा केलेला फळा, चुन्याखाली दबलेला रंगीत पट्टा, दोन खणांमधल्या (खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर) काढून टाकलेल्या आडभिंतीचा माग, टोलाचा लोखंडी तुकडा टांगायची कडी. नकाशा खणांत काढ आणि शेजारी फुटांत माप लिही. फोटोत पट्टी ठेव, मागे दिशा आणि तारीख लिही.

कागदांत पहिले शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल मुलांची नोंदवही. ते शाळेबरोबर फिरते, म्हणून हल्लीच्या शाळेत माग. त्यातली पहिली नोंद म्हणजे स्थापना नव्हे. जुने रजिस्टर फाटल्यावर नव्यात उतरवून घेतलेले असू शकते. आणि त्यात मुलांची माहिती असते, इमारतीची नसते. इमारतीसाठी शेरेबुक शोध. तपासायला आलेले अधिकारी खोल्या, उजेड, भाडे यांवर लिहून जात, आणि माझ्या मते वाड्यातल्या शाळेबद्दल याहून बोलका कागद नाही. कारभार कुणाकडे होता तेही कालानुसार बघ: मुंबई इलाख्यात शिक्षणखाते १८५५ पासून, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून. शाळा ज्याच्याकडे होती त्याच्या दप्तरात भाडेचिठ्ठी असण्याचा संभव.

वाड्यासाठी नगर भूमापन कचेरीतून मालमत्ता पत्रक आणि चौकशी नोंदवहीचा उतारा घे. त्यामागचे कागद मोडीत असतील, आणि साल शके, किंवा जुन्या सरकारी कागदांतल्या फसली वा सुहूर या कालगणनांचे. शकात ७८ मिळव, पण जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. फसली आणि सुहूर मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतात: जून ते डिसेंबर फसलीत ५९०, सुहूरात ५९९, जानेवारी ते मे अनुक्रमे ५९१ आणि ६००. इथे वर्षभराची चूक सहज होते, म्हणून मूळ साल आणि महिना तसाच लिहून मगच इसवी सन लिही.

वृद्ध माजी विद्यार्थ्यांना "शाळा कधी सुरू झाली?" असे विचारू नकोस; ते ऐकीव तारीख सांगतील. खणांचा नकाशा पुढे ठेव आणि विचार: तिसरीचा वर्ग कुठे बसायचा, तोंड कुणीकडे, पाणी कुठे प्यायचात. दोघांना वेगवेगळे भेट. दोघांनी एकच भिंत दाखवली, तर तिथला चुना हळूच खरवडून बघ. त्याआधी मालकांची लेखी परवानगी घे.

कळावे.