राणी शोधू नका, अंडी बघा

वाचकांचे प्रश्न : मधपेटी

प्रश्न : ताई, मी भोर तालुक्यात शेती करतो. प्रशिक्षण घेऊन दिवाळीनंतर सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. दर दोन दिवसांनी उघडून बघतो, पण राणी आजवर एकदाच दिसली. परवा एका पेटीत पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी तीन घरं लटकलेली दिसली. शेजारचे म्हणतात, ही राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं आहेत, लगेच मोड, नाहीतर माश्या उडून जातील. मोडू का?

उत्तर : दादा, मोडू नका. आधी पेटीत जुनी राणी आहे की गेली, ते ठरवा.

मी जावळीच्या डोंगरात एकवीस वर्षं सातेरी सांभाळते. पहिल्या वर्षी मीही असंच कुणाचं तरी ऐकून पाच राणीघरं चाकूने खरवडून काढली होती. पेटी माश्यांनी भरलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते. जुनी राणी आठवडाभर आधीच निम्म्या माश्या घेऊन गेली होती, हे मला कळलंच नव्हतं. आधी घातलेल्या अंड्यांतून रोज नव्या माश्या निघत होत्या, त्यामुळे पेटी भरल्यासारखी वाटत होती. अंड्यातून तीन दिवसांनी अळी निघते आणि तिच्यापासून राणी करायची तर माश्यांना ती पहिल्या तीन दिवसांतलीच लागते. म्हणजे राणी जाऊन सहा दिवस उलटले की पेटीत राणी करण्याजोगं काही उरत नाही. उरली होती ती पाच राणीघरं, आणि ती मी माझ्या हाताने मोडली. ते मोहोळ संपलं. आजही कुणी राणीघरावर चाकू धरला की माझा जीव वर येतो.

म्हणून नव्या माणसाने राणी शोधत बसू नये, अंडी बघावीत. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन चांगलं पडल्यावर पेटी उघडा. पेटीला धक्का देऊ नका, कारण धक्का बसला की सातेरी सैरावैरा पळते आणि राणीही कोपऱ्यात जाऊन दडते. कडेची चौकट (हिच्यातच पोळं बांधलेलं असतं) आधी काढून ठेवा, म्हणजे मधल्या चौकटी न घासता वर येतील. सूर्य पाठीशी घ्या. चौकट पेटीच्या वरच धरा, चुकून राणी पडली तर पेटीतच पडेल. पोळं आडवं करू नका. नवं मेण उन्हाने मऊ होऊन तुटतं. आता खांद्यावरून येणारं ऊन पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी पडू द्या. पांढऱ्या सुती दोऱ्याचा बारीकसा तुकडा तळाला उभा चिकटवावा, तसं अंडं दिसेल. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे कालपर्यंत राणी इथे होती. तिला बघायची गरज उरली नाही, पेटी बंद करा.

तुमच्या पेटीत उभी अंडी असतील आणि राणीघरं अजून उघडी असतील, तर मोहोळ फुटायच्या, म्हणजे जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन जायच्या तयारीत आहे. ही आयती संधी आहे. जुनी राणी असलेली चौकट, पिकलेल्या म्हणजे झाकलेल्या पिल्लांची एक चौकट आणि मध-परागाची एक, अशा तीन चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत घालून ती दूर ठेवा. या कामापुरती मात्र राणी शोधावीच लागेल, घाई करू नका. चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततील, म्हणून नव्या पेटीला चार-पाच दिवस साखरेचा पाक द्या. जुन्या पेटीत राणीघरं राहू द्या, पण सगळी नकोत. सरळ, भरदार असं एक ठेवा. दोन-तीन ठेवलीत तर पहिली निघालेली राणीही थोड्या माश्या घेऊन जाऊ शकते आणि पेटी पोकळ होते.

अंडी अजिबात नसतील आणि राणीघरं झाकलेली असतील, तर राणी गेली असं समजा. तेव्हाही एक राणीघर जपायचं. टोकावरचं मेण माश्यांनी कुरतडून आतला तपकिरी भाग उघडा केला असेल, तर राणी दोन-तीन दिवसांत निघेल.

यानंतर मात्र पेटीला हात लावू नका. हे नव्या माणसाला सर्वांत जड जातं, मला माहीत आहे. राणी अंड्यापासून साधारण सोळा दिवसांत निघते. मग आठवडाभराने ती उडून बाहेर जाते, हवेतच अनेक नरांशी मिलन करते आणि दोन-तीन दिवसांत अंडी घालू लागते. त्या उड्डाणाच्या आधी ती घराची खूण पाठ करते. म्हणून पेटी हलवू नका, समोरचा दगडसुद्धा उचलू नका. तीन आठवड्यांनी उघडा आणि पुन्हा अंडीच बघा. एरवीही आठ-दहा दिवसांतून एकदा पेटी बघितलीत तरी पुष्कळ झालं. आत पिल्लांसाठी माश्या चौतीस-पस्तीस अंश ऊब धरून असतात. दर दोन दिवसांनी तुम्ही ती ऊब मोडताय.

पेट्या दोन घेतल्यात हे मात्र फार चांगलं केलंत. एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची एक चौकट तिला देता येते. एकच पेटी असलेला माणूस अशा वेळी हात चोळत बसतो.

प्रश्न : मी कुडाळजवळ राहते, काजूच्या बागेत एक पेटी आहे. राणी दिसत नाही, पण एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी आहेत. राणी इतकी जोमाची असते का?

उत्तर : नाही हो ताई. ती राणीची अंडी नव्हेत. राणी एका घरात एकच अंडं घालते, तेही बरोबर तळाच्या मध्यावर. तुम्ही पाहिलेली अंडी भिंतीला चिकटलेली असतील, बघा. राणी आणि पिल्लं दोन्ही नसली की कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, आणि सातेरीत हे फार लवकर होतं. त्यांचं मिलन झालेलं नसतं, म्हणून अंड्यांतून नुसते नर निघतात. उंच फुगीर टोपण्या आणि प्रत्येक टोपणीच्या मधोमध टाचणीएवढं छिद्र, ही सातेरीच्या नरांची खूण. पेटीवर टकटक करून कान लावा. राणीवाली पेटी झर्रकन गुणगुणून गप्प होते, बिनराणीची बराच वेळ कण्हत राहते.

अशा पेटीला आणलेली राणी दिली तर माश्या बहुधा तिला मारतात. ओळखीच्या कुणाकडे सशक्त मोहोळ असेल तर त्यात ही पेटी मिळवून टाका. संध्याकाळी सशक्त पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, सुईने दहा-बारा भोकं पाडा आणि तुमची कोठी, म्हणजे पेटीचा पोळी असलेला कप्पा, वर ठेवा. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो आणि भांडण टळतं. पेटी हातची जाते, वाईट वाटतं. पण माश्या कामी येतात. पुढच्या मोहोराआधी त्याच मोहोळातून विभाजन करून घ्या.

प्रश्न : श्रावणात माझी सगळीच मोहोळं पेटी सोडून गेली. हे फुटणं का?

उत्तर : फुटताना निम्म्या माश्या मागे राहतात. सगळ्या गेल्या तर तो गृहत्याग. रिकाम्या पोळ्यात जाळी आणि अळ्या दिसल्या तर मेणकिडा, पोळी कोरडी ठणठणीत असतील तर उपासमार. आमच्याकडे पावसात बाहेर काहीच नसतं. आषाढापासून दर चार दिवसांनी, अंधार पडल्यावर, साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक पेटीच्या आत ठेवा. एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका, मुंग्या आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी झाकलेली नाहीत ती पोळी काढून घ्या, मेणकिडा तिथेच शिरतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि पावसात वाट्या आहेतच म्हणून निवांत राहू नका, पडलेल्या पानावरून मुंगी पलीकडे जाते.