‘अपयशशास्त्र’ म्हणावं का? आणि गिरणी पडली की पाडली

सोलापूरच्या बंद गिरण्यांवर एमएचा प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीनं विचारलंय की इंग्रजीत ज्याला फेल्युअर स्टडीज म्हणतात, म्हणजे कंपन्या, सरकारी योजना, अख्ख्या व्यवस्था कशा कोलमडतात याचा अभ्यास, त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘अपयशशास्त्र’ चालेल का? तिचे गाईड ‘विफलता अध्ययन’ लिही म्हणतायत पण तिला ते हिंदी वाटतंय.

माझं मत आधीच सांगतो, ‘अपयशशास्त्र’ नको. आता का नको ते जरा लांबण लावून सांगावं लागेल, कारण शब्द चुकला की प्रबंधातला प्रश्नच चुकतो असं मला मनापासून वाटतं.

‘यश’ हा मुळात कीर्तीचा शब्द. गीतेच्या दहाव्या अध्यायात पाचव्या श्लोकात ‘यशोऽयशः’ अशी जोडी येते, तिथं अर्थ कीर्ती आणि अपकीर्ती असा आहे, आणि काम साधलं किंवा नाही साधलं हे सांगायचं तेव्हा तीच गीता दुसऱ्या अध्यायात, अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात, वेगळी जोडी वापरते, ‘सिद्ध्यसिद्ध्योः समो भूत्वा’. म्हणजे लोक काय म्हणतात ते एक आणि काम झालं का ते दुसरं, अशी फोड आपल्याकडं होती. मराठीत आपण दोन्ही गोष्टी ‘अपयश’ या एकाच शब्दात कोंबल्या. जुना अर्थ काही गेला नाही पण, बोलताना लगेच वर येतो. अपयश ‘पदरी पडतं’, अपयशाचं खापर कुणाच्या तरी ‘माथी फुटतं’, डॉक्टरच्या ‘हाताला यश असतं’. पदर, माथा, हात, सगळं माणसाचं. या शब्दाला आधी एक माणूस लागतो ज्याची अब्रू जाईल. संस्थेच्या अभ्यासाला ‘अपयश’ म्हटलं की वाचणारा दुसऱ्या ओळीपासून कुणाचं अपयश, कुणाचं अपयश म्हणून नाव शोधायला लागतो.

इंग्रजीत गंमत अशी की हा प्रवास उलट्या दिशेनं आणि फार उशिरा झाला. अमेरिकन इतिहासकार स्कॉट सँडेज यांनी २००५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात ते दाखवतात की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं फेल्युअर म्हणजे धंदा बुडण्याची घटना, दिवाळं निघण्याचा प्रसंग, आणि हळूहळू तोच शब्द माणसालाच चिकटला, ‘मी एक फेल्युअर आहे’ असं लोक स्वतःबद्दल बोलायला लागले. मराठीत ‘मी अपयश आहे’ असं अजून तरी कुणी म्हणत नाही, ‘मला अपयश आलं’ म्हणतो, पाहुणा आल्यासारखं ते येतं. व्याकरणानं एवढं तरी वाचवलंय आपल्याला.

आता कुणी म्हणेल की जपान्यांनी तर सरळ ‘शिप्पाईगाकू’ असा शब्द केला, शिप्पाई म्हणजे अपयश, गाकू म्हणजे शास्त्र, मग आपण का नाही? बरोबर आहे. टोकियो विद्यापीठातले यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक हातामुरा योतारो यांनी तो शब्द लोकांपर्यंत नेला, २००२ साली त्याची संघटना निघाली, आणि २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्षही तेच होते. दोषी शोधण्यापेक्षा चूक कशी घडली ते उघडपणे नोंदवा म्हणजे पुढचा शिकेल, हा त्यांचा आग्रह. पण त्यांच्या शब्दात हरणं आहे, गमावणं आहे, अपकीर्ती नाही. आपल्या ‘अपयश’मध्ये ती आहेच. म्हणून नुसता सांगाडा उचलून चालणार नाही.

गाईडच्या ‘विफलते’बद्दल थोडक्यात. शब्द हिंदी नाही, संस्कृत आहे, आणि ‘प्रयत्न विफल झाले’ आपण म्हणतोच. माझी अडचण अर्थाची आहे. विफल म्हणजे ज्याला फळच आलं नाही. आपली जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, १८७७ ची. १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली तेव्हा सत्तर वर्षं उलटून गेली होती, अर्धं गाव तिच्या भोंग्यावर उठत होतं. तिला विफल कसं म्हणायचं?

मग आपल्याकडं लोक काय म्हणतात ते बघू. पोरगं नापास होतं, ब्रेक फेल होतो, बोअर फेल जातो, योजना बारगळते, बँक बुडते (पेपरवाले ‘अवसायनात निघाली’ लिहितात), कार्यक्रमाचा फज्जा उडतो. आणि गिरणी? गिरणी बंद पडते. किंवा बंद पाडतात.

इथं थांबायला पाहिजे कारण माझ्या मते तुमच्या विषयाचं अख्खं मर्म या एका कान्यात आहे. आमचे आजोबा इथल्याच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, मरेपर्यंत ‘बंद पाडली’ म्हणायचे. शेजारचे काका त्याच गिरणीत हिशेबाला, ते ‘बंद पडली’ म्हणायचे. दोघं संध्याकाळी ओट्यावर एकत्र बसायचे, भांडण नव्हतं कधी, पण क्रियापद कुणीच बदललं नाही. लहानपणी मला वाटायचं दोघं एकच सांगतायत.

कायद्यातही हेच बघायला मिळतं. जुनी मिल बंद पडल्यावर ९ जानेवारी १९५० ला सरकारनं वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, पुढं त्याचाच कायदा झाला, आणि त्यात कारण लिहिलंय ते गैरव्यवस्थापन आणि हयगय, त्यामुळं गरजेच्या मालाचं उत्पादन अडलं आणि लोक बेकार झाले. हे ‘पाडली’ आहे. एक भागधारक चिरंजीतलाल चौधरी सुप्रीम कोर्टात गेले, डिसेंबर १९५० मध्ये ते हरले, कायदा टिकला. मग दुसरे भागधारक द्वारकादास श्रीनिवास गेले आणि १९५३ च्या डिसेंबरमध्ये तोच कायदा कोर्टानं घटनाबाह्य ठरवला. आपल्या गावच्या एका गिरणीवरून मालमत्तेच्या हक्काची एवढी मोठी चर्चा झाली, देशभरचे कायद्याचे विद्यार्थी ती वाचतात आणि सोलापुरात ती किती जणांना माहितीय, वाईट वाटतं.

त्यानंतर १९८५ साली देशात कायदा आला तो ‘आजारी’ उद्योगांचा. साचलेला तोटा कंपनीच्या सगळ्या नक्त मालमत्तेएवढा किंवा जास्त झाला की ती आजारी ठरायची (तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला). आता आजारी काय होतो माणूस? आजारी पडतो. पस्तीस वर्षांत सरकारी भाषा ‘पाडली’वरून ‘पडली’वर आली. आजारात कुणाचा दोष नसतो ना. प्रबंधात या दोन कायद्यांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा.

परदेशी अभ्यासकांचा वादसुद्धा मला याच काट्यावर मोजता येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो १९७९ च्या थ्री माईल आयलंड अणुभट्टीच्या अपघातावरून म्हणाले की काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आणि एकमेकांत इतक्या घट्ट अडकलेल्या असतात की अपघात त्यांच्या रचनेतच असतो. हे ‘पडलं’. दुसऱ्या समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास केला, २८ जानेवारी १९८६, सात जण गेले, रबरी कडीत बिघाड दिसत होता पण दर उड्डाणाला ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ म्हणत तो मान्य होत गेला. त्यांनी याला ‘नॉर्मलायझेशन ऑफ डेव्हियन्स’ म्हटलं, त्या संज्ञेचं लोक मराठीत ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असलं काहीतरी करतात. अहो, आपल्याकडं ‘अंगवळणी पडणं’ आहे की! चूक अंगवळणी पडली. सोलापुरी माणूस तेच ‘चालतंय की’ म्हणून सांगतो. पाडलंही नाही, एकदम पडलंही नाही, पडू दिलं. हा तिसरा प्रकार तुम्हाला गिरण्यांच्या कागदात सगळ्यात जास्त सापडेल असा माझा अंदाज आहे.

तर शब्द. मी ‘पडझड’ सुचवतो, ‘संस्थांच्या पडझडीचा अभ्यास’, छोटं हवं तर ‘पडझड-अभ्यास’. पावसात माळवदाची घरं पडली की आपण पडझड म्हणतो, शेअर बाजारात पडझड होते, ‘संस्थांची पडझड’ हा प्रयोग लेखातून वाचलेला असतो, म्हणजे शब्द नवा नाही, कुणाला समजावून सांगायला नको. त्यात हळूहळू होणं आहे. आधी पोपडे, मग एक भिंत. अब्रूचा वास नाही त्याला. आणि पडझडीचा पंचनामा होतो, तलाठी येऊन काय पडलं किती पडलं लिहितो, तेही अभ्यासाला धरून आहे. उणं एवढंच की अचानकच्या अपघाताला तो नीट बसत नाही, तिथं ‘बिघाड’ वापरा, आणि परीक्षेतल्या किंवा माणसाच्या बाबतीत ‘अपयश’ आहेच.

एक आणखी, ‘क्रॉप फेल्युअर’ला पडझड लावू नका, त्याला ‘नापिकी’ हा फार नेमका शब्द आहे, आणि नापिकी म्हणजे उपासमार नव्हे. १९७२ ला आपल्या जिल्ह्यात पीक गेलं, पण खडी फोडायची, रस्त्याची कामं निघाली, हातात मजुरी आली म्हणून माणसं जगली. पाऊस पडला नाही, व्यवस्था टिकली. उलटही होतं, १९४३ च्या बंगालमधल्या उपासमारीबद्दल अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवलंय की धान्य होतं, लोकांकडं ते घ्यायची ऐपत उरली नव्हती.

मुलाखती घ्याल तेव्हा ‘गिरणी का बंद पडली?’ असं विचारू नका, प्रश्नातच क्रियापद देऊन बसाल. ‘गिरणीचं काय झालं?’ एवढंच विचारा आणि समोरचा काना लावतो का ते लिहून घ्या.